राजकारणाच्या गावात राज्यशास्त्र

कोल्हापुरात राजकारण कुणाला शिकवावं लागत नाही. मिसळीच्या दुकानात बसलेला कुणीही सांगतो, की अमुक तालुक्यात कोणता गट कुणाच्या पाठीशी आहे, दूध संघाला कोण कुणाबरोबर गेला आणि त्याच दोघांनी विधानसभेला एकमेकांना कसं पाडायचं ठरवलंय. कागल, करवीर, राधानगरी, शिरोळ, प्रत्येक तालुक्याचं गणित इथल्या माणसाला तोंडपाठ. पेठेतली तालीम, गल्लीतलं मंडळ, गावातली सेवा सोसायटी, सगळीकडं गट-तट आणि ईर्षा. आणि याच जिल्ह्यात बारावीचा निकाल लागला की राज्यशास्त्र हा विषय उरलेल्यांच्या वाट्याला जातो. सायन्स झेपलं नाही, कॉमर्सला हवं ते कॉलेज मिळालं नाही, म्हणून बी.ए.; आणि बी.ए.ला इंग्रजीची भीती, अर्थशास्त्रात आकडे, म्हणून राज्यशास्त्र.

मी हा विषय शिकवतो. माझं म्हणणं असं आहे, की राज्यशास्त्राची पदवी ही या जिल्ह्याची गरज आहे आणि हुशार मुलामुलींनी ती पहिल्या पसंतीनं घ्यावी. पण ती त्या तोलाची व्हायची असेल, तर स्पर्धा परीक्षेच्या दावणीतून तिला सोडवावं लागेल आणि शिकवण्याची सुरुवात आपल्या पायाखालच्या जमिनीपासून करावी लागेल.

प्रवेशाच्या दिवसांत पालक एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, "सर, एमपीएससीला उपयोग होतोय न्हवं ह्येचा?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. दोन एकर ऊस, दारात दोन म्हशी, वाढता खर्च. पोरगं फौजदार झालं, पोरगी तहसीलदार झाली, तर घर वर येईल हा हिशोब चुकीचा कोण म्हणेल? उत्तरही 'होतो' असंच आहे. राज्यसेवेला राज्यघटना आणि राजकीय व्यवस्था असते. यूपीएससीला राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेता येतो, त्याचे २५० गुणांचे दोन पेपर असतात. पण याच एका उत्तरावर प्रवेश झाला, की पुढची तीन वर्षं वाया जायला सुरुवात होते. मुलगा वर्ग सोडून अभ्यासिकेत बसतो. हातात ठोकळा, म्हणजे स्पर्धा परीक्षेचं जाडजूड गाईड. कलम कितवं, घटनादुरुस्ती कितवी, समितीचा अध्यक्ष कोण, एवढंच त्याच्या लेखी राज्यशास्त्र. विद्यापीठाचा पेपर आला की आदल्या रात्री गाईड. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, त्यामुळं बहुतेकांची निवड होत नाही हे अंकगणितच आहे. मग वयाच्या तिशीला आलेला तरुण गावी परततो, तेव्हा त्याच्याकडं पद नसतं आणि ज्या विषयाची पदवी आहे तो विषयही नसतो. दुसरं नुकसान मला जास्त लागतं, कारण ते टाळता येण्यासारखं होतं.

ठोकळा आणि विषय यांतला फरक कोल्हापूर महापालिकेइतका स्पष्ट कुठंच दिसणार नाही. ७४व्या घटनादुरुस्तीनं आलेलं कलम २४३ यू सांगतं, की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. परीक्षेत यावर एक गुणाचा प्रश्न येतो आणि आमची मुलं तो बरोबर सोडवतात. आता आपल्या महापालिकेकडं बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षांहून जास्त मुदत, म्हणजे एका अख्ख्या सभागृहाचं आयुष्य, शहराचा कारभार प्रशासकानं पाहिला. अंदाजपत्रक त्यानंच मांडायचं आणि त्यानंच मंजूर करायचं. त्या काळात ज्यांनी वयाची अठरा पूर्ण केली, त्यांनी पाच वर्षं नगरसेवक पाहिलाच नाही.

घटना एवढं स्वच्छ सांगत असताना हे घडलं कसं? सुरुवातीला कोरोना. मग मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थानिक संस्थांतल्या ओबीसी आरक्षणाला तिहेरी कसोटी लावली: स्वतंत्र आयोग नेमून माहिती गोळा करा, संस्थानिहाय प्रमाण ठरवा, एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर नेऊ नका. मग प्रभागरचनेचा घोळ. एका सरकारनं ठरवलेली रचना दुसऱ्या सरकारनं बदलली. खटले साचत गेले. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश दिला आणि तरीही मतदानाला पुढचं वर्ष उजाडलं. या एका प्रकरणात घटना आहे, संघराज्य आहे, न्यायालय आणि विधिमंडळ यांच्यातली रस्सीखेच आहे, राज्य निवडणूक आयोगाचं सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा आहेत, जात आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे. सहा महिन्यांचा एक पेपर यावर शिकवता येईल. विद्यार्थ्याला यातलं प्रत्येक पाऊल कुणी उचललं, कोणत्या अधिकारानं उचललं आणि त्याला कोण थांबवू शकलं असतं, एवढं मांडता आलं तर तो राज्यशास्त्र शिकला. कलमाचा आकडा तो वाटेत शिकतोच.

या शहरात तर अशी सामग्री पावलोपावली आहे. २६ जुलै १९०२ चा राजर्षी शाहू महाराजांचा आरक्षणाचा आदेश घ्या. कोल्हापूरचं पोर पहिलीपासून त्याच्याबद्दल ऐकतं. जयंतीच्या भाषणांत तो असतो, चौकाचौकातल्या फलकांवर असतो. पण तो आदेश म्हणून किती जणांनी वाचलाय? वर्गात तो वाचायला घेतला, की मुलं पहिल्यांदा गप्प होतात आणि मग प्रश्न सुटायला लागतात. आदेश छोटा आहे. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांनी भराव्यात, हे तर सगळ्यांना माहीत असतं. पुढं त्यात म्हटलंय, की ज्या खात्यांत मागासवर्गीयांचं प्रमाण निम्म्याहून कमी आहे, तिथं पुढची नेमणूक त्या वर्गातल्या माणसाची करावी. मग मागासवर्गीय म्हणजे कोण याची व्याख्या: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. आणि शेवटी एक ओळ, जी भाषणात कधी येत नाही. प्रत्येक खातेप्रमुखानं या आदेशानंतर केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करावा.

माझ्या मते त्या आदेशातलं सगळ्यात मोठं राज्यशास्त्र या शेवटच्या ओळीत आहे. महाराज त्या वेळी विलायतेत होते. राज्याच्या नोकरशाहीत ज्यांचं वर्चस्व होतं, त्यांच्याच हातून आपला आदेश अमलात यायचा आहे आणि ते तो बासनात बांधून ठेवू शकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिमाही तक्ता. धोरण जाहीर करणं आणि ते खालपर्यंत पोचवणं यांत जे अंतर असतं, ते अंतर या राजानं १९०२ मध्ये ओळखलं होतं. १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, तेव्हाही मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला. हेतूला अंमलबजावणीची जोड देण्याची हीच रीत. एकदा हे कळलं, की मुलं आजचा कुठलाही शासन निर्णय वाचताना आपणहून विचारतात, "सर, पण ह्याचा अहवाल कुणी कुणाला द्यायचा?" हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला ठोकळा पाठ असलेल्या पन्नास जणांपेक्षा मोलाचा वाटतो.

इथं कुणी म्हणेल, की मग प्लेटो, हॉब्ज, लॉक, रूसो कशाला शिकवता, सगळं स्थानिकच शिकवा. हे मला मान्य नाही. सिद्धांत हवाच, आणि तो आत्ता शिकवतो त्यापेक्षा जास्त नेटानं हवा. सामाजिक कराराचा सिद्धांत, म्हणजे लोकांच्या आपसांतल्या करारातून राज्यसत्ता उभी राहते हा विचार, पाच गुण-दोषांत पाठ करायला लावला, की मुलांना तो मेलेल्या माणसांचं भांडण वाटतो. तोच सिद्धांत कोल्हापूरच्या टोल आंदोलनाशेजारी ठेवा. महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि खासगी कंपनी यांच्यात शहरातल्या रस्त्यांसाठी ३० वर्षांचा करार झाला आणि रस्ते झाल्यावर शहराच्या वेशीवर टोलनाके उभे राहिले. लोक म्हणाले, देणार नाही. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी ज्येष्ठ माणसं रस्त्यावर उतरली, वर्षानुवर्षं मोर्चे निघाले आणि शेवटी टोल गेला.

वर्गातला खरा प्रश्न पुढंच सुरू होतो. करारावर सही लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाच्या मंजुरीनं झाली होती. मग लोकांनी संमती दिली होती की नव्हती? लॉक म्हणतो सत्ता शासितांच्या संमतीवर उभी असते. प्रतिनिधीनं दिलेली संमती ही माझी संमती मानायची का, आणि किती वर्षांसाठी? सभागृहानं केलेला करार पुढच्या पिढीवर बंधनकारक असावा का? निवडून दिलेल्यांचा निर्णय रस्त्यावर उतरून फिरवणं हा लोकशाहीचा विजय की तिची अडचण? माझं स्वतःचं मत आंदोलनाच्या बाजूचं आहे. पण वर्गात एखादी मुलगी उभी राहून "उद्या दुसऱ्या गटानं असंच करून चांगला निर्णय फिरवला तर?" असं विचारते, तेव्हा ती जे करत असते ते लॉक आणि गांधींशी थेट बोलणं असतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना सत्याग्रहासारखे मार्ग सोडायला हवेत असं बजावलं होतं. ते भाषण या मुलीला वाचायला द्यावं, आणि टोलचा करारही द्यावा. दोन्ही समोर ठेवून तिनं पाच पानं लिहावीत. यापेक्षा चांगली परीक्षा मला सुचत नाही.

सहकाराबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. या जिल्ह्यात माणसाचा सत्तेशी पहिला संबंध विधानसभेमुळं येत नाही, तो गावच्या दूध संस्थेमुळं आणि सेवा सोसायटीमुळं येतो. उसाचं बिल, पीककर्ज, म्हशीचं दूध, सगळं सहकारी संस्थेच्या दारातून जातं. आमदार कोण होणार हेही पुष्कळदा तिथंच ठरतं. तरी बी.ए.च्या बहुतांश वर्गांत सहकार म्हणजे अर्थशास्त्राचा विषय म्हणून बाजूला ठेवला जातो आणि राज्यशास्त्राच्या पुस्तकात 'साखर सम्राटांचा प्रभाव' असा एखादा परिच्छेद येतो. गोकुळ या जिल्ह्याच्या दूध संघाची निवडणूक कशी होते हे बघा. सामान्य दूध उत्पादक तिथं थेट मत देत नाही. त्याची गावची संस्था एका माणसाच्या नावे ठराव करते आणि तो ठरावधारक मतदान करतो. अप्रत्यक्ष निवडणूक म्हणजे काय, तिच्यात सत्ता थोडक्या हातांत का एकवटते, मतदार फोडणं सोपं का होतं, हे समजायला राज्यसभेच्या उदाहरणापेक्षा हे उदाहरण दसपट जवळचं आहे. आमच्या वर्गातल्या कुणाचा तरी चुलता ठरावधारक असतोच.

त्यातून वर चढत जाता येतं. ९७व्या घटनादुरुस्तीनं २०१२ पासून सहकारी संस्थांसाठी घटनेत एक स्वतंत्र भाग आला. सहकारी संस्था स्थापण्याच्या स्वातंत्र्याला मूलभूत हक्कांत स्थान मिळालं. पण सहकारी संस्था हा राज्यसूचीतला विषय. अशा विषयाला हात घालणारी दुरुस्ती निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांकडून संमत करून घ्यावी लागते आणि ती घेतली नव्हती. म्हणून जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो भाग राज्यातल्या संस्थांपुरता रद्द केला आणि एकाहून जास्त राज्यांत काम करणाऱ्या बहुराज्य (मल्टिस्टेट) संस्थांपुरता ठेवला. त्याच महिन्यात केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय निर्माण झालं. या दोन घटना शेजारी ठेवल्या, की केंद्र आणि राज्य यांच्यातल्या ओढाताणीचा धडा समोर उभा राहतो. आणि आता मागं जाऊन २०१८ आठवा. गोकुळ मल्टिस्टेट करण्याच्या प्रस्तावावरून अख्खा जिल्हा ढवळून निघाला होता. गावोगाव लोक हिरिरीनं बोलत होते, ते कोण बाजूनं आणि कोण विरोधात याबद्दल. संस्था मल्टिस्टेट झाली की ती राज्याच्या कायद्यातून निघून केंद्राच्या निबंधकाच्या अखत्यारीत जाते, आणि मग गावच्या सभासदानं दाद कुठं मागायची, हा मुद्दा फार थोड्यांनी समजावून सांगितला. ते सांगणारा माणूस गावात असायला हवा. राज्यशास्त्राच्या पदवीधराचं गावातलं काम मला विचाराल तर हेच आहे.

उसाचंही तेच. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर, द्यायची, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जाणाऱ्या शेतकऱ्याला चौदा दिवस पाठ असतात. त्या आदेशाची अंमलबजावणी साखर आयुक्तानं करायची, वसुलीचा आदेश निघाला की पुढची कारवाई जिल्हाधिकाऱ्यानं करायची, आणि कारखान्याच्या संचालक मंडळात बसलेला माणूस बऱ्याचदा मंत्रिमंडळातल्या माणसाच्या जवळचा असतो. कायदा आहे पण हलत नाही, याचं कारण या साखळीत आहे. ती साखळी उलगडून दाखवणं हे शास्त्र आहे. 'सगळे चोर' म्हणून मोकळं होणं सोपं आहे आणि त्यानं चोराचंच फावतं.

पुराचं नाव घेतल्याशिवाय शिरोळकडच्या विद्यार्थ्यांशी बोलणंच होत नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर त्यांनी घरात पाणी शिरताना पाहिलेत. कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायला कृष्णा पाणीवाटप लवादानं २०१० मध्ये कर्नाटकाला मुभा दिली. अलमट्टीच्या फुगवट्याचा इथल्या पुराशी किती संबंध आहे यावर जलतज्ज्ञांत मतभेद आहेत आणि तो वाद त्यांनीच सोडवावा. पण दोन राज्यांतल्या नदीचा तंटा नेहमीच्या न्यायालयात न जाता १९५६ च्या कायद्याखालच्या लवादाकडं का जातो, घटनेच्या २६२व्या कलमात अशी तरतूद का ठेवली, आणि लवादापुढं नरसोबाच्या वाडीच्या माणसाचं म्हणणं कोण मांडतं, हे प्रश्न राज्यशास्त्राचे आहेत.

आता नोकरीचं. इथं खोटी आशा दाखवणं मला पटत नाही. नुसत्या बी.ए. राज्यशास्त्रावर पगाराची नोकरी मिळत नाही. शिक्षण क्षेत्रात जायचं तर एम.ए., मग नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, मग वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबणं. ही वाट आज कुणाला सुचवताना माझी जीभ अडखळते. पण दुसऱ्या वाटा बंद आहेत असं नाही. पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी. करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथं चालतात. त्यासाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक दशकं आंदोलन केलं. घटनात्मक आणि प्रशासकीय कायद्याची कामं आता मुंबईला न जाता इथं येणार, आणि ज्याचं राज्यशास्त्र पक्कं आहे त्या वकिलाला त्या कामात पहिल्या दिवसापासून फरक जाणवेल. पत्रकारिता आहे, जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक वाचून बातमी करणारा वार्ताहर प्रत्येक वृत्तपत्राला हवा असतो. सामाजिक संस्था, सर्वेक्षणं, लोकप्रतिनिधींच्या कार्यालयातलं अभ्यासाचं काम, सहकारी संस्थांचं प्रशासन आहे. या कामांत पगार सुरुवातीला बेताचा असतो. तो कित्येक अभियंत्यांनाही बेताचाच असतो, पण त्यांच्या पदवीच्या उपयोगाबद्दल कुणी असा जाब विचारत नाही.

मुलींबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण आमच्या वर्गात त्याच जास्त दिसतात. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. निम्म्या जागा. पण खेड्यात गेलं की सरपंचाच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत तिचा नवरा बसलेला असतो, शिक्का त्याच्या खिशात असतो आणि तीन शब्दांत विषय संपतो, "सही कर इथं." ज्या मुलीनं ग्रामपंचायत अधिनियम वाचलाय, ग्रामसभेला वर्षातून किमान चार वेळा बोलवावं लागतं हे जिला माहीत आहे, नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक आणि नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही हे जिनं हातात घेऊन पाहिलंय, वित्त आयोगाचा बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच दिलेला, निधी पाणी आणि स्वच्छतेवरच का खर्च करावा लागतो हे जी चार बायकांना समजावून सांगू शकते, तिच्याकडून कोरी सही घेणं अवघड आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं थांबवायचं असा तो ठराव. काही दिवसांत राज्य शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना तसा ठराव करण्याचं आवाहन केलं. एका गावाच्या ठरावानं राज्य हललं. अशा ठरावाला कायद्याचं बळ किती, तो मोडणाऱ्यावर कारवाई होते का, आणि बळ नसूनही तो का परिणाम करतो, यावर मी मुलींना बोलायला लावतो. त्या दिवशी तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू येत नाही.

आणखी एक अडथळा आहे, तो भीतीचा. वर्गात चालू राजकारण काढायचं नाही, असा अलिखित नियम बऱ्याच ठिकाणी पाळला जातो. संस्थाचालक कुठल्या ना कुठल्या गटाचे, पालक दुसऱ्या गटाचे, एखाद्या वाक्याचा व्हिडिओ फिरला तर काय, म्हणून शिक्षक प्लेटोच्या गुहेत सुरक्षित बसतो. मला ती भीती समजते. याच शहरात १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरून घरी परतणाऱ्या गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी पानसरे गेले. आयुष्यभर लोकांशी बोलून, वाद घालून मत बदलायचा प्रयत्न करणारा माणूस. त्याच शहरात बिंदू चौक आहे, जिथं सगळ्या पक्षांच्या सभा झाल्या आणि जिथं माधवराव बागलांच्या पुढाकारानं ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे उभे राहिले, बाबासाहेब हयात असताना. वाद घालण्याची ही परंपरा कुठंतरी रोज गिरवावी लागते, नाहीतर ती फक्त पुतळ्यांत उरते. विरोधी मत पुरतं ऐकून घेणं, ते आपल्या शब्दांत न्याय्यपणे मांडणं आणि मग खोडणं, हे बी.ए.च्या वर्गात शिकवता येतं. वयाच्या अठरा-वीस वर्षांत ते शिकलं नाही, तर पुढं व्हॉट्सअ‍ॅपचा गट शिकवतो.

बदलायची संधी आत्ता हातात आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवी रचना आली. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोड विषय, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, समाजाशी जोडलेलं काम, आणि ज्याला हवं त्याला चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी. रचनेबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत. विषयांचे तुकडे झालेत, वेळापत्रक जुळत नाही, मुलांना आपण नेमकं काय शिकतोय ते कळत नाही, आणि त्या तक्रारी खऱ्या आहेत. पण फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट आपल्या विषयाला पहिल्यांदाच मिळालेत. ते आज कसे संपवले जातात हे सगळ्यांना माहीत आहे: इंटरनेटवरून उतरवलेली वीस पानं, रंगीत मुखपृष्ठ, स्पायरल बाइंडिंग.

शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झालं ते कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या ग्रामीण मुलांना शिकता यावं म्हणून. त्याच्या अभ्यास मंडळानं राज्यशास्त्राच्या तिन्ही वर्षांत एक पेपर 'आपला जिल्हा' या सामग्रीवर बांधावा. त्यात शाहूंचे आदेश, संस्थानातली प्रजापरिषदेची चळवळ, १९४९ चं विलीनीकरण, सहकार, नदीचा तंटा आणि महापालिका असावी. मराठीतून लिहिणाऱ्या मुलांसाठी मूळ कागद मराठीत आणून द्यावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांची मराठी भाषांतरं आता उपलब्ध आहेत, करार आणि लवादाचे निवाडे मात्र इंग्रजीतच पडून आहेत. ते भाषांतर हेच चौथ्या वर्षाच्या मुलांचं काम होऊ शकतं. आणि शासनानं रिकाम्या जागा भराव्यात. तासावर पैसे घेऊन तीन कॉलेजांत धावणाऱ्या शिक्षकाला मुलांना घेऊन ग्रामसभेला जा असं सांगणं क्रूरपणाचं आहे. त्याला सुट्टीतला पगार नाही, पुढच्या वर्षाची खात्री नाही, आणि बसचं भाडं त्याच्याच खिशातून जातं.

शासनाची वाट पाहण्यात मात्र अर्थ नाही. कोल्हापूर जिल्ह्यात हजारावर ग्रामपंचायती आहेत. तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक ग्रामपंचायत द्यावी, शक्यतो स्वतःच्या गावाची नको, शेजारच्या गावाची. त्यानं वर्षभरात तिथल्या दोन ग्रामसभांना बसावं, मागच्या वर्षाचं अंदाजपत्रक मागून घ्यावं, दिलं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करावा, मंजूर झालेल्या पाच कामांपैकी किती प्रत्यक्ष झाली ते जाऊन बघावं, आणि जे सापडलं ते दोन्ही गटांच्या लोकांना दाखवून त्यांचं म्हणणं अहवालात घालावं. सहीसाठी प्राचार्य लागतील, गावात जाण्यासाठी एसटी आहे, क्रेडिट आधीच मंजूर आहेत. येत्या जूनपासून हे सुरू करता येतं, आणि त्यासाठी एकही नवा शासन निर्णय लागत नाही.